रिकाम्या बीड्सवर काय आलं?

मानवी पेशीतल्या एखाद्या प्रथिनाचे सोबती, म्हणजे त्याला बिलगून असणारी इतर प्रथिनं, शोधण्याचा प्रयोग केला की शेवटी हातात नावांची लांबलचक यादी येते. त्या यादीत एसएचएमटी-२ हे नाव दिसलं, तर अनुभवी माणूस त्यावर काट मारून पुढे जातो. कारण साधं आहे. एसएचएमटी-२ हे चयापचयातलं एक कष्टाळू विकर, म्हणजे एन्झाइम. सेरीन या अमिनो आम्लातला एक कार्बन काढायचा, तो फोलेटच्या रेणूवर चढवायचा आणि मागे ग्लायसीन ठेवायचं, हे त्याचं काम. डीएनएचे काही घटक बनवायला पेशीला तो कार्बन लागतो. वाढत्या पेशीत हे विकर भरपूर असतं, आणि जे भरपूर असतं ते प्रयोगात कुठेही चिकटतं.

बीआरसीसी-३६ नावाच्या दुसऱ्या एका विकराच्या सोबत्यांमध्येही हे नाव आलं. तिथे मात्र काही जणांनी ते खोडलं नाही. त्यातून पुढे काय निघालं ते मला सांगायचं आहे. पण त्याआधी खोडण्याविषयीच सांगायला हवं, कारण प्रथिनांच्या जाळ्याचा नकाशा काढणं हे माझ्या मते बव्हंशी खोडण्याचं काम आहे. रेषा काढणं त्या मानाने सोपं.

मुळात असा नकाशा लागतो कशाला? माणसाच्या जनुकसंचात प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. त्यातलं एखादं प्रथिन विकर आहे का, असलं तर कुठल्या घराण्यातलं, हे आता त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून बऱ्याचदा घरबसल्या सांगता येतं. विकरांना क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९६१ पासून आहे आणि ती रासायनिक अभिक्रियेवर आधारलेली आहे. कुठला बंध तुटतो, कुठला जोडला जातो, ते त्या क्रमांकावरून कळतं. पण तो बंध कोणाचा तुटतो, पेशीत कुठे, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून, यातलं काहीच कळत नाही. रसायन ठाऊक आणि काम अज्ञात, अशी शेकडो विकरं आपल्या पेशींमध्ये आहेत.

हे सर्वांत ठळकपणे दिसतं ते युबिक्विटिनच्या राज्यात. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. पेशी ते दुसऱ्या प्रथिनांवर, बहुधा त्यांच्यातल्या लायसीन या अमिनो आम्लावर, जोडते. इस्रायलमधल्या हैफा इथे अव्राम हर्श्को आणि आरोन सिकॅनोव्हर आणि फिलाडेल्फियात अर्विन रोज यांनी १९८० च्या आगेमागे दाखवून दिलं की अशी युबिक्विटिनची साखळी लागली की ते प्रथिन मोडीत निघतं. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना त्यासाठीच मिळालं. नंतर चित्र अधिक गुंतागुंतीचं झालं. युबिक्विटिनवर स्वतःचेच सात लायसीन असतात, आणि साखळी कुठल्या लायसीनवरून वाढते यावर तिचा अर्थ ठरतो. ४८ व्या लायसीनवरून वाढलेली साखळी म्हणजे साधारणपणे ‘याला प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, पाठवा’. ६३ व्या लायसीनवरून वाढलेल्या साखळीचा अर्थ बहुतेक वेळा वेगळा असतो. डीएनएची दुरुस्ती, संदेशवहन, पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढून घेणं, अशा कामांसाठी ती वापरली जाते.

जे जोडलं जातं ते काढताही यायला हवं. युबिक्विटिन काढून टाकणारी जवळजवळ १०० विकरं माणसात आहेत. लॅबमध्ये आम्ही त्यांना ‘डब’ म्हणायचो, अजूनही सगळे तेच म्हणतात. परीक्षानळीत यातली बरीचशी विकरं सारखंच वागताना दिसतात: युबिक्विटिन दिलं की कापतात. मग पेशीला शंभर कशाला हवीत? प्रत्येकाची जागा आणि गिऱ्हाईक निराळं असणार हे उघड आहे. पण ते कसं शोधायचं?

उपाय म्हणजे विकराला विचारण्याऐवजी त्याच्या आसपास कोण असतं ते बघायचं. प्रयोगाची रीत थोडक्यात अशी. ज्या प्रथिनाविषयी कुतूहल आहे त्याच्या एका टोकाला आठ-नऊ अमिनो आम्लांची शेपटी जोडायची. फ्लॅग आणि एचए या त्यातल्या दोन नेहमीच्या. एचए ही शेपटी इन्फ्लुएन्झा विषाणूच्या एका प्रथिनातून घेतलेली आहे. शेपटीवालं प्रथिन पेशींना बनवायला लावायचं, पेशी वाढल्या की त्या हळुवार फोडायच्या आणि त्या रसात, म्हणजे लायसेटमध्ये, शेपटी ओळखणारी प्रतिपिंडं लावलेले बारीक बीड्स, म्हणजे मणी, टाकायचे. प्रतिपिंडं शेपटीला धरतात, शेपटीबरोबर आपलं प्रथिन येतं आणि त्याला बिलगलेले सोबतीही येतात. मग बीड्स धुवायचे. हे धुणं फार नाजूक काम आहे. कमी धुतलं तर कचरा राहतो, जास्त धुतलं तर खरे सोबती वाहून जातात. उरलेली प्रथिनं ट्रिप्सिन या विकराने कापून त्यांचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पाठवायचे. यंत्र त्या तुकड्यांची वस्तुमानं मोजतं आणि संगणक त्यावरून मूळ प्रथिनांची नावं काढतो. आपलं प्रथिन ते आमिष, बाकीचे गळाला लागलेले.

या सगळ्या खटाटोपासाठी बहुतेक वेळा वापरतात त्या एचइके २९३ पेशी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ॲलेक्स व्हान डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींत ॲडिनोव्हायरसचा डीएनए सोडला. त्यांच्या क्रमांक २९३ च्या प्रयोगातून या पेशी निघाल्या, आणि तेव्हापासून जगभर वाढत आहेत. आम्ही पुण्यातच होतो, त्यामुळे त्या मिळवायला लांब जावं लागलं नाही. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशातला पेशींचा मोठा साठा आहे, आणि भारतभरच्या प्रयोगशाळा तिथूनच पेशी नेतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वेळेवर बदललेला मीडिया, एवढ्यावर या पेशी भराभर वाढतात आणि बाहेरून दिलेला डीएनए विनातक्रार स्वीकारतात. मला त्यांच्याविषयी जिव्हाळा आहे. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट ठेवली आणि सेल्स छान पसरलेल्या दिसल्या की दिवस बरा जाणार असं वाटायचं.

यादी मात्र संशयानेच वाचावी लागते. पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी हरखून गेले होते. एका प्रथिनाचे इतके सोबती! त्यांची नावं, त्यांचे तुकडे किती वेळा दिसले त्याचे आकडे, आणि प्रत्येक नावामागे एक शक्यता. आमच्या मॅडमनी ती यादी घेतली आणि वर न बघताच विचारलं, “रिकाम्या बीड्सवर काय आलं ते दाखव आधी.”

शेपटीवालं प्रथिन नसलेल्या पेशी घ्यायच्या, बाकी सगळं तसंच करायचं, आणि तरीही बीड्सवर काय चिकटतं ते पाहायचं, असा हा सवाल. खूप काही चिकटतं. हातांच्या त्वचेतून, केसांतून आलेलं केराटिन तर असतंच. शिवाय ट्युब्युलिन, ॲक्टिन, रायबोसोमची प्रथिनं आणि हीट शॉक प्रथिनं. ही शेवटची तर कोणीही जरासं विस्कटलेलं दिसलं की त्याला सावरायला धावतात, मग बाहेरून जबरदस्तीने बनवायला लावलेल्या आमिषाला ती सोडतील कशी? जोडीला चयापचयातली मुबलक विकरं. यादीतलं एकेक नाव गळायला लागलं की वाईट वाटतं, हे खरं आहे. ज्या नावावरून रात्री झोपताना पुढच्या प्रयोगाचे बेत केले असतात, ते सकाळी रिकाम्या बीड्सच्या रकान्यातही सापडतं.

एका आमिषापुरतं हे काम डोळ्यांनी करता येतं. शंभर आमिषं असतील तर काय करायचं, हा प्रश्न हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये वेड हार्पर यांच्या गटाने स्टीव्हन गिगी यांच्या साथीने सोडवला. २००९ साली मॅथ्यू सोवा आणि सहकाऱ्यांनी माणसातल्या ७५ डब विकरांना एकेक करून आमिष म्हणून वापरलं आणि त्यांचे ७७४ संभाव्य सोबती जाहीर केले. तो शोधनिबंध मी अनेकदा वाचला आहे. आकडे मोठे आहेत म्हणून नव्हे, तर त्यात खोडण्याला एक शिस्त दिलेली आहे म्हणून.

ती शिस्त समजायला लग्नांचे अल्बम डोळ्यांसमोर आणा. एकाच गावातल्या पंच्याहत्तर लग्नांचे अल्बम तुमच्यापुढे ठेवले आणि कोण कोणाचं नातेवाईक ते ओळखायला सांगितलं, तर काय कराल? सगळ्या अल्बमांत दिसणारा माणूस आचारी असणार. तो कुठल्याच घरचा नाही असं धरून चालता येईल. एकाच अल्बममध्ये पण पानोपानी दिसणारी बाई नवरीची मावशी असणार. आणि कुठे तरी एकदाच, कडेला, अर्धवट दिसलेला माणूस रस्त्याने जाताना फोटोत आला असेल. इथवर सोपं आहे. पण आचाऱ्याच्या मुलीचंही लग्न कधी तरी होतं, आणि त्या एका अल्बममध्ये तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुढे उभा असतो. ‘हा सगळीकडेच असतो’ म्हणून तिथेही त्याला खोडलं तर नवरीचा बापच खोडला जाईल.

सोवा यांच्या कॉम्पपास नावाच्या प्रणालीत हे सगळे विचार गणितात मांडले आहेत. एखादं प्रथिन किती आमिषांबरोबर आलं, किती प्रमाणात आलं, आणि तोच नमुना दुसऱ्यांदा यंत्रात घातल्यावर पुन्हा दिसलं का, यावरून त्याला गुण मिळतात. शिवाय नेहमी थोडंथोडं दिसणारं एखादं प्रथिन कुठल्या एका आमिषाबरोबर अचानक उसळून आलं, तर त्याचं वजन वाढवलं जातं. यातली सुंदर गोष्ट अशी की इथे रिकाम्या बीड्सचं काम बाकीची सगळी आमिषं मिळून करतात. ७४ प्रयोग ७५ व्या प्रयोगाची साक्ष काढतात. जितकी जास्त आमिषं, तितकं खोडणं अचूक.

याच वृत्तीचं पुढचं पाऊल मला फार मोलाचं वाटतं. २०१३ साली अनेक प्रयोगशाळांनी आपापले रिकाम्या बीड्सचे निकाल एकत्र करून सर्वांसाठी खुले केले. अलेक्सी नेस्विझस्की आणि ॲन-क्लॉड गिंग्रास ही त्यामागची प्रमुख नावं, आणि त्या संग्रहाचं नाव क्रॅपोम. एरवी वहीत पडून राहणारा, कुठेही न छापला जाणारा मजकूर होता तो. विज्ञानात ‘काहीच नसताना काय दिसतं’ हे सांगणाऱ्याला फारसा मान मिळत नाही. मिळायला हवा. जाळ्यांची रंगीबेरंगी, केसांच्या गुंत्यासारखी चित्रं मुखपृष्ठांवर झळकतात, पण त्या चित्रातल्या एकाही रेषेवर विश्वास ठेवायचा तर आधार असतो या रिकाम्या रकान्यांचाच.

आता बीआरसीसी-३६ कडे येते. हे एक डब विकर, जस्ताचा अणू बाळगणारं, आणि ६३ व्या लायसीनवरून जोडलेल्या साखळ्याच कापणारं. त्याचे सोबती शोधले तेव्हा पहिल्यांदा ते सापडलं बीआरसीए-१ च्या गोतावळ्यात. म्हणजे केंद्रकात, डीएनए तुटला की जिथे दुरुस्तीला माणसं जमतात तिथे. बीआरसीए-१ मधल्या दोषामुळे स्तनाचा आणि बीजकोशाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो हे आता घरोघर माहीत झालं आहे, त्यामुळे या विकराचं काम ठरून गेलं असं वाटणं स्वाभाविक होतं. पण त्याच्या सोबत्यांची यादी एका गटात बसत नव्हती. त्यातले दोन सोबती नेहमी बरोबर असायचे, आणि तिसऱ्या जागी दोन वेगवेगळी प्रथिनं आलटूनपालटून दिसायची. एक अब्राक्सस, जे त्याला केंद्रकात दुरुस्तीच्या जागी नेतं. दुसऱ्याला तेव्हा धड नावही नव्हतं. केआयएए-०१५७ एवढीच त्याची ओळख. जपानमधल्या काझुसा संस्थेने १९९० च्या दशकात लांबलांब जनुकांचे क्रम वाचायला घेतले होते, आणि काम माहीत नसलेल्या जनुकांना असे क्रमांक देऊन ठेवले होते.

केआयएए-०१५७ बरोबर बीआरसीसी-३६ चा जो संच बनतो त्याला ब्रिस्क म्हणतात. तो मुख्यतः केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात असतो. म्हणजे चौघांच्या संचातले तिघे तेच, एक बदलला की पत्ता बदलला आणि कामही बदललं. त्याहून नवलाची गोष्ट अशी की केआयएए-०१५७ हे घडणीने बीआरसीसी-३६ च्याच घराण्यातलं आहे, पण त्याच्यात जस्त धरायची जागा नाही. त्यामुळे ते स्वतः काहीच कापू शकत नाही. आणि एकट्या बीआरसीसी-३६ लाही कापता येत नाही. दोघं एकत्र आले की कापणी सुरू होते. २०१५ मध्ये या जोडीची रचना उलगडली ती एका सुतार मुंगीच्या प्रथिनांवरून, कारण मुंगीचं रूप प्रयोगात जास्त आटोपशीर वागत होतं. मुंगीपासून माणसापर्यंत ही जोडी टिकून आहे, यावरूनच तिचं महत्त्व लक्षात यावं.

आणि आता तो एसएचएमटी-२. ब्रिस्कच्या यादीत तो होता. चयापचयाचं विकर, तेही मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात राहणारं. खोडायला दोन्ही कारणं सबळ होती. पण तो ब्रिस्कबरोबर यायचा आणि त्याच्या केंद्रकातल्या जुळ्या संचाबरोबर यायचा नाही. रिकाम्या बीड्सवरचा कचरा असा भेदभाव करत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रॉजर ग्रीनबर्ग यांच्या गटाने दाखवलं की एसएचएमटी ब्रिस्कला इंटरफेरॉनच्या ग्राहीपर्यंत नेतो. विषाणूची चाहूल लागली की पेशी इंटरफेरॉन सोडतात. शेजारच्या पेशीवरची ग्राही प्रथिनं तो पकडतात आणि आत धोक्याचा इशारा देतात. इशारा देऊन झाला की ग्राहीवर ६३ व्या लायसीनवाल्या साखळ्या चढतात, तिला आत ओढून मोडीत काढतात आणि इशारा थांबतो. ब्रिस्क त्या साखळ्या कापतं. मग ग्राही जास्त वेळ टिकते आणि इशाराही लांबतो.

२०१९ मध्ये ग्रीनबर्ग आणि इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातले एल्टन झेकिराज यांच्या गटांनी मिळून ब्रिस्क आणि एसएचएमटी-२ एकत्र कसे बसतात ते अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. ब्रिस्कचा आकार इंग्रजी यू सारखा, आणि एसएचएमटी-२ नेमका अशा ठिकाणी बसतो की बीआरसीसी-३६ ची कापण्याची जागा झाकली जाते. म्हणजे तो त्याला नेतोही आणि नेताना आवरूनही धरतो. पण बसतो तो एसएचएमटी-२ चा जोडीतला अवतार, दोन प्रती एकत्र असलेला. चयापचयाचं नेहमीचं काम करताना त्याच्या चार प्रती एकत्र असतात, आणि चार एकत्र आल्या की ब्रिस्कवर बसायला जागाच उरत नाही. दोनच्या चार कशाने होतात? बी-६ जीवनसत्त्वाच्या कार्यशील रूपाने. तेच बी-६, जे हरभऱ्यात, केळ्यात, बटाट्यात असतं आणि ज्याच्याशिवाय या विकराला सेरीनचा कार्बन काढताच येत नाही.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या आकृतीपाशी किती तरी वेळ थांबले होते. पेशीतलं एका जीवनसत्त्वाचं प्रमाण, एका चयापचयी विकराच्या प्रतींची संख्या, युबिक्विटिन कापणारं एक विकर, आणि विषाणूविरुद्धचा इशारा किती वेळ वाजत राहणार, या सगळ्यांत एक सलग धागा आहे. पाठ्यपुस्तकात ही चार वेगवेगळी प्रकरणं असतात. त्यांच्यामधली वाट एसएचएमटी-२ च्या अभिक्रियेचा कितीही अभ्यास करून सापडली नसती, आणि बीआरसीसी-३६ च्याही नाही. ती सापडली दोघं शेजारीशेजारी का दिसतात या प्रश्नातून. (यावरून कोणी बी-६ च्या गोळ्या खायला सुरुवात करू नये. पेशीतल्या यंत्रणेवरून आहाराचा सल्ला काढणं ही फार मोठी उडी आहे, आणि ती घ्यायला इथे कसलाही आधार नाही.)

अशी दुहेरी जीवनं इतरही विकरांची निघाली. यूसीएच-३७ हे डब विकर प्रोटिअसोमवर आरपीएन-१३ या प्रथिनाला धरून बसतं, आणि तिथे त्याची धार वाढते. तेच विकर केंद्रकात डीएनएची गुंडाळी हलवणाऱ्या आयएनओ-८० या संचातही सापडतं, आणि तिथे एनएफआरकेबी नावाचा सोबती त्याला निष्क्रिय ठेवतो. धार देणारा आणि धार बोथट करणारा, या दोन्ही सोबत्यांचा विकराला धरणारा भाग एकाच धाटणीचा आहे. विकर तेच.

७५ आमिषांवर सुरू झालेलं काम नंतर सगळ्या प्रथिनांपर्यंत न्यायचं ठरलं. त्याच हार्वर्डच्या मंडळींनी, एडवर्ड हटलिन यांच्या पुढाकाराने, बायोप्लेक्स हा उपक्रम उभा केला. २०१५ च्या पहिल्या आवृत्तीत २,५९४ आमिषं आणि २३,७४४ आंतरक्रिया होत्या. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत आमिषं १०,१२८ झाली आणि आंतरक्रिया १,१८,१६२. त्या १४,५८६ प्रथिनांमधल्या. हे आकडे वाचून थक्क व्हायला होतं, पण मला त्या तिसऱ्या आवृत्तीतली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी तोच प्रयोग मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या एचसीटी-११६ पेशींमध्येही ५,००० हून अधिक आमिषांसाठी पुन्हा केला. काही संच दोन्हीकडे जसेच्या तसे होते. पण हजारो रेषा एका पेशीत होत्या आणि दुसरीत नव्हत्या.

म्हणजे ‘मानवी पेशीचा नकाशा’ म्हणताना आपण खरं तर एचइके २९३ चा नकाशा म्हणत असतो. आणि त्या पेशी तरी कुठल्या? मूत्रपिंडातून आल्या, पण त्यांच्यात चेतापेशींची म्हणावीत अशी कितीतरी प्रथिनं दिसतात. कुठल्याच निरोगी माणसाच्या कुठल्याच अवयवात अशा पेशी नसतात. म्हणून नकाशा निरुपयोगी ठरत नाही. ब्रिस्क त्याच पेशींत सापडलं आणि ते खरं निघालं. पण हृदयाच्या स्नायूत, मेंदूत किंवा ताप चढलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशीत ते विकर कोणाबरोबर बसलेलं असेल, हे या नकाशावरून ठरवता येणार नाही. तिथे जाऊन पुन्हा बघावं लागेल, आणि त्या पेशी एचइकेसारख्या लाघवी नसतात.

दुसरी उणीव विकरांच्या बाबतीत जास्त जाणवते. टिकाऊ सोबती बीड्सवर येतात, पण विकर ज्यांच्यावर काम करतं ती प्रथिनं क्षणभर भेटून सुटतात. धुण्यात ती हमखास जातात. त्यावर काही सुंदर युक्त्या आहेत. विकराचा असा बदललेला अवतार बनवायचा की जो गिऱ्हाइकाला धरेल पण काम पुरं करू शकणार नाही. मग तो त्याला सोडत नाही. किंवा आमिषाला एक दुसरं विकर जोडायचं, जे जवळ येईल त्या प्रथिनावर बायोटिन चिकटवत राहील. ही बायोआयडी पद्धत २०१२ मध्ये आली. मग भेट क्षणाचीच का असेना, खूण राहते. अर्थात खूण आसपासच्या सगळ्यांवरच राहते, शेजारी आणि सोबती यांत ती फरक करत नाही. खोडण्याचं काम पुन्हा आहेच.

आपल्या देशातल्या एका कामाचा उल्लेख इथे करायलाच हवा. यंत्रांनी असे ढीगभर निकाल द्यायला सुरुवात करण्याच्या काळातच, २००३ मध्ये, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्समध्ये अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली ह्युमन प्रोटीन रेफरन्स डेटाबेस उभा राहिला. तिथे जीवशास्त्र शिकलेली मुलं-मुली शोधनिबंध एकेक करून वाचायची आणि कुठल्या प्रयोगात कुठली दोन प्रथिनं एकत्र सापडली ते हाताने नोंदवायची. मोठमोठ्या जाळ्यांचे निकाल खरे की खोटे हे तपासायला जगभरच्या लोकांनी अशाच हाताने वाचलेल्या नोंदींचा आधार घेतला. इतकं वाचन करणाऱ्या त्या मंडळींची नावं लेखकांच्या लांब रांगेत कुठे तरी मध्ये असतात. मला त्यांचं काम यंत्राच्या कामापेक्षा कमी वाटत नाही.

ब्रिस्कची गोष्ट आता औषधांकडे वळली आहे. ल्युपस, स्क्लेरोडर्मा अशा आजारांत इंटरफेरॉनचा इशारा कारण नसताना वाजत राहतो. तो शमवायचा तर ब्रिस्क रोखायला हवं. पण बीआरसीसी-३६ चीच धार बोथट करणारं औषध दिलं तर केंद्रकातला त्याचा दुसरा संच, डीएनए दुरुस्त करणारा, तोही बंद पडेल. कर्करोगाचा धोका पत्करून ल्युपस बरा करायला कोण तयार होईल? लीड्स आणि फिलाडेल्फियाच्या गटांनी अलीकडे असे छोटे रेणू शोधले आहेत जे विकराच्या कापण्याच्या जागेला हातच लावत नाहीत. ते दोन ब्रिस्क एकमेकांना अशा रीतीने चिकटवतात की दोघांच्याही कापण्याच्या जागा झाकल्या जातात. दुरुस्तीच्या संचाशी त्यांचं देणंघेणं नाही, तिथलं बीआरसीसी-३६ आपलं काम करत राहतं. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांकडून घेतलेल्या पेशींवर हे रेणू टाकले तेव्हा इंटरफेरॉनमुळे चेतलेल्या जनुकांचा जोर उतरला. प्रयोगशाळेतल्या थाळीपासून रुग्णाच्या गोळीपर्यंतचा रस्ता अजून सगळाच शिल्लक आहे. पण निशाणा कशावर धरायचा हे मात्र ठरलं आहे: विकरावर नव्हे, चौघांच्या त्या एका विशिष्ट बैठकीवर.